डिमॉर्फोसचा काटा कुणी केला?

काटाघर
नमस्कार. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी बावीस वर्षं गेली. पुतणी नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी तिने डार्ट यानाचा विषय घेतलाय. 26 सप्टेंबर 2022 ला डिमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेच यान. तक्त्यासाठी वजन शोधायला बसलो तर एकीकडे सुमारे 50 लाख टन, दुसरीकडे 43 लाख. सात लाख टनांचा फरक! आमच्याकडे पन्नास किलो इकडचे तिकडे झाले तरी शेतकरी गाडी काट्यावरून खाली घेत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. हे मोजलेलं आहे की अंदाजाने?

रात्रपाळी
अंदाजाने. तुमच्याच भाषेत सांगायचं तर भरलेल्या गाडीचा काटा झालाय, रिकाम्या गाडीचा व्हायचाय.

डिमॉर्फोस हा डिडिमॉस नावाच्या थोरल्या लघुग्रहाचा चंद्र. दोघांत साधारण 1190 मीटर अंतर, आणि धडकेआधी एक फेरी 11 तास 55 मिनिटांची. ही वेळ पृथ्वीवरूनच मिळाली. एक दुसऱ्याच्या आड गेला की दुर्बिणीतल्या ठिपक्याचा उजेड किंचित उतरतो. तो कधी कधी उतरतो ते टिपत राहायचं. आता पुतणीला वहीत करू द्या: अंतराचा घन गुणिले 4π², त्याला गुरुत्व स्थिरांक गुणिले सेकंदांचा वर्ग याने भागायचं. 1190 मीटर आणि 42,900 सेकंद घातले की 5.4 × 10¹¹ किलो येतात, म्हणजे 54 कोटी टन. पण हे दोघांचं मिळून! या सूत्रातून बेरीज निघते, वाटणी निघत नाही. धाकट्याचा वाटा शेकडा एकसुद्धा नाही, तो बेरजेतल्या कमी-जास्तातच बुडून जातो.

म्हणून धाकट्याचं घनफळ काढतात आणि घनता धरून चालतात. आधी व्यास 160 मीटर समजत होते, डार्टच्या फोटोंवरून 151 निघाला. नऊच मीटर, पण घनफळ सोळा टक्क्यांनी उतरलं. घनता थोरल्याइतकीच, पाण्याच्या 2.4 पट धरली की तुमचे 43 लाख टन.

काटाघर
म्हणजे टेपने ट्रॉली मोजून टनेज सांगण्यासारखं झालं. ऊस किती दाबून भरलाय ते टेपला कुठून कळणार? पण एवढ्याने काही अडतं का?

रात्रपाळी
फार अडतं. धडकेने डिमॉर्फोसचा वेग सेकंदाला 2.7 मिलिमीटरने बदलला, फेरी 11 तास 23 मिनिटांवर आली. यानाचा रेटा होताच, शिवाय उलट उडालेल्या दगडमातीनेही रेटा दिला. एकूण रेटा यानाच्या रेट्याच्या किती पट? घनता कमी धरली तर 2.2, जास्त धरली तर 4.9. उद्या खरंच एखादा दगड पृथ्वीच्या वाटेवर आला तर किती यानं पाठवायची हे अशाच आकड्यांवरून ठरवायचं आहे. मला हे मनापासून टोचतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेलं युरोपचं हेरा यान यासाठीच तिकडे जातंय. धाकटा फिरताना थोरल्यालाही किंचित झुलवतो. तो झोका दहाएक मीटरचा असेल. तो मोजला की वाटणी हातात.

उल्का
ज्याला चंद्रच नाही त्याचं काय, हेही सांगायला हवं. बेन्नू या एकट्या लघुग्रहाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. उन्हाने तापलेला भाग फिरून सावलीकडे जाताना उष्णता टाकतो, त्याचा बारीकसा धक्का बसतो. त्याने बेन्नूची कक्षा वर्षाला 284 मीटर आत सरकते. रडारने हे पकडलं. धक्का किती ते गणिताने काढता येतं, सरकणं समोर आहे, म्हणजे वस्तुमान आलंच: 7.8 कोटी टन. 2018 मध्ये यान तिथे पोहोचलं आणि मोजणी आली 7.3 कोटी. कोट्यवधी किलोमीटरवरून!

काटाघर
तिने वहीत केलं, 5.4 च आलं. दोनदा केलं. तक्त्यावर 54 कोटी मोठ्या अक्षरात लिहिणार आहे, आणि 43 लाखांखाली ‘घनता धरून’.

रात्रपाळी
उत्तम. फक्त ‘वजन’ खोडून ‘वस्तुमान’ लिहायला सांगा. तुमच्या कारखान्यातलं पन्नास किलोचं साखरेचं पोतं डिमॉर्फोसवर जेमतेम पाव ग्रॅम भरेल.