प्रतिसाद: दोनच वर्षं काढायची आहेत, तर सांगलीत जास्त पगार कुठे?

सध्या दुकानात १२ हजार मिळतात, दोन वर्षांनी गावी शेतीच करायची आहे, असं तुम्ही लिहिलंत. मग कुपवाड, मिरज, पलूस या एमआयडीसींत कंत्राटी काम बघाच. पण "१८ हजार पगार" ऐकून लगेच हो म्हणू नका. तो हातात पडणारा आकडा आहे की सीटीसी, म्हणजे मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हे आधी विचारा. सीटीसी असेल आणि बेसिक (मूळ पगार) १५ हजार धरलं असेल, तर मालकाचे पीएफचे १,८०० त्यातलेच, तुमचे १,८०० वेगळे कापणार, शिवाय ईएसआय (कामगार विमा) आणि २०० व्यवसाय कर. हातात साडेतेराच्या आसपास येतात. कुपवाडला रोज गाडीनं जाणार असाल तर पेट्रोल त्यातूनच. ओव्हरटाइम दुप्पट दरानं देतात का, तेही विचारा. कायदा दुप्पटच सांगतो.

ठेकेदार बदलला की बरेच जण नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढू देतात. तसं करू नका, जुनाच नंबर द्या. नोकरी सोडल्याची तारीख मालकानं भरली नसेल तर पीएफचे पैसे अडकतात. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते. त्यासाठी आधार मोबाइलशी जोडलेलं हवं.

साखर कारखान्याचा हंगामही आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत. वजनकाटा, शेतकी विभागातल्या नोंदी अशी कामं निघतात, त्यामुळे चौकशी गळीत सुरू व्हायच्या आधीच करा.

आणि मूळ मार्कलिस्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स पुरते.