थ्री फेज लेथची मोटर घरच्या सिंगल फेजवर: कपॅसिटर की ड्राइव्ह?

चकचावी

जुना बेंच लेथ आहे, मोटर थ्री फेज. घरात फक्त सिंगल फेज, २३० व्होल्ट. मोटरच्या पाटीवर लिहिलंय: ०.७५ किलोवॅट (१ एचपी), ४१५ व्होल्ट, स्टार, १.८ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४२० आरपीएम. कनेक्शन बॉक्स उघडला तर आत तीनच वायरी आणि अर्थचा स्क्रू. शाफ्ट हाताने मोकळा फिरतो, बेअरिंग खरखरत नाही.

कपॅसिटर लावून चालेल का, आणि चालत असेल तर किती मायक्रोफॅरॅडचा? ड्राइव्ह (सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करून मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) घ्यायचा तर एक एचपीचाच पुरेल का? लेथवर सुलट-बंद-उलट असा ड्रम स्विच आहे, तो आहे तसा ठेवायची इच्छा आहे. चक (काम पकडणारा जबडा) आट्यांवर बसणारा आहे, १२५ मिमी.

अडीच_स्क्वेअर

कपॅसिटरवर मोटर फिरेल, पण लेथसाठी तो मार्ग घेऊ नका. हिशेब सोपा आहे: २३० व्होल्टवर किलोवॅटमागे साधारण ७० मायक्रोफॅरॅड, म्हणजे तुमच्या मोटरला ५० च्या आसपास. मोटर-रन प्रकारचा, ४४० व्होल्ट एसीचा. सुरू होताना जोर हवा असेल तर त्याला समांतर सुमारे दुप्पट क्षमतेचा स्टार्ट कपॅसिटर, तोही सेकंद-दोन सेकंदांपुरताच. एवढं करूनही, आणि तेही मोटर आधी २३० व्होल्टला जुळवून घेतली तरच, पाटीवरच्या ताकदीच्या दोन तृतीयांशाइतकीच हाती लागते.

खरी अडचण वेगळी आहे. कपॅसिटरमुळे तयार होणारा तिसरा फेज एका ठरावीक लोडलाच समतोल असतो. लोड कमी झाला की कपॅसिटरच्या बाजूच्या वाइंडिंगवर व्होल्टेज चढतं आणि मोटर रिकामी फिरतानाच जास्त तापते. लेथ अर्धा वेळ रिकामाच फिरतो. पंखा किंवा बफिंगसारख्या एकसारख्या लोडला ही युक्ती ठीक आहे, इथे नाही.

तेव्हा सिंगल फेज इनपुटचा ड्राइव्ह घ्या. पण घ्यायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. असा ड्राइव्ह २३० आत घेऊन थ्री फेज २३० च बाहेर देतो, ४१५ देत नाही. तुमची मोटर आत स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) बांधलेली आहे आणि स्टारमध्ये तिला ४१५ लागतात. तशीच २३० वर लावली तर ५० हर्ट्झला टॉर्क जेमतेम एक तृतीयांश उरतो, कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. मोटर फिरेल, आवाजही छान येईल, आणि पहिल्या एक मिमीच्या कटला बसेल. मग लोक ड्राइव्हला दोष देतात.

उपाय म्हणजे मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग टोकाला टोक, त्रिकोणात) जोडणं. डेल्टात तिला २४० च लागतात. करंट मात्र १.७३ पट होतो: १.८ चे सुमारे ३.१ अँपिअर. ड्राइव्ह निवडताना एचपी बघू नका, आउटपुट अँपिअर बघा. ४ अँपिअर किंवा जास्त देणारा पुरे, एक एचपीचे बहुतेक ड्राइव्ह तेवढे देतात. इनपुटला मात्र फुल लोडवर ८ ते १० अँपिअर जातील, कारण आतला रेक्टिफायर करंट सलग न घेता शिखरावर ओढतो. १६ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी आणि २.५ चौरस मिमीची स्वतंत्र लाइन ठेवा. एक्स्टेन्शन बोर्डवर हा उद्योग नको.

पाना_१४

मोटर उघडायचीच गरज नाही. स्टारमध्येच ठेवा आणि ड्राइव्हमध्ये मोटरची बेस फ्रिक्वेन्सी (ज्या फ्रिक्वेन्सीला पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) २८ हर्ट्झ, व्होल्टेज २३० घाला. २८ हर्ट्झपर्यंत पूर्ण टॉर्क मिळतो.

अडीच_स्क्वेअर

गणित बरोबर आहे (५० गुणिले २३० भागिले ४१५, म्हणजे २७.७), पण २८ हर्ट्झला पूर्ण टॉर्क म्हणजे ताकद एक एचपीऐवजी अर्ध्या एचपीच्या थोडी वर. त्यापुढे वेग वाढवला तर टॉर्क पडत जातो. वाइंडिंगला हात लावायची हिंमत नसेल किंवा वार्निश इतकं कडक असेल की वायर सोडवताना तुटेल, तर हा मार्ग नक्कीच वापरा. बारीक कामाला पुरतो. नाहीतर डेल्टाच.

सहा_टर्मिनल

तीनच वायरी बाहेर आहेत म्हणजे स्टार पॉइंट (तिन्ही वाइंडिंगची टोकं एकत्र येतात तो जोड) आत बांधलेला आहे. तो सोडवायला रिवाइंडिंग लागत नाही, संयम लागतो.

कव्हर काढण्याआधी बॉडी आणि कव्हरवर पंचने एकेक खूण करा, परत त्याच जागी बसलं पाहिजे. मागची जाळी आणि पंखा काढा, त्या बाजूचं कव्हर राहू द्या, शाफ्टच्या बाजूचं काढून रोटर सरळ बाहेर ओढा. रोटर वाइंडिंगवर घासू देऊ नका, एक ओरखडा पुरे. आता कॉइलच्या टोकांचा गुंडाळा नीट बघा. बाहेर जाणाऱ्या तीन वायरींच्या जोडांवर एकेक स्लीव्ह असते आणि कुठेतरी एक चौथी, जाडसर स्लीव्ह दोऱ्याने बांधून गुंडाळ्यात दाबलेली असते. त्यातून वायर बाहेर येत नाही, तीन टोकं आत जातात आणि तिथेच संपतात. तोच स्टार पॉइंट. कधी कधी प्रत्येक टोकात दोन समांतर तारा असतात, त्यामुळे तीनऐवजी सहा तारा दिसल्या तर घाबरू नका. त्या जोड्या एकत्र ठेवा.

वार्निश सुटत नसेल तर हॉट एअर गनने हलकं गरम करा, मऊ झाल्यावर दोरा कापा. जोड कापण्याऐवजी डाग (सोल्डर) काढून सोडवा, तार आखूड होत नाही. तीन टोकं वेगळी झाली की मल्टिमीटर लावा. बाहेरची प्रत्येक वायर आतल्या एकाच टोकाला बोलली पाहिजे, म्हणजे मीटरवर जोडलेली दिसली पाहिजे. बाहेरच्या वायरींना यू१, व्ही१, डब्ल्यू१ म्हणा; ज्याच्याशी यू१ बोलेल ते यू२, तसंच व्ही आणि डब्ल्यू. लगेच चिठ्ठ्या लावा. तिन्ही वाइंडिंगचं रेझिस्टन्स लिहून ठेवा. या मापाच्या मोटरला साधारण १० ओहमच्या आसपास येतं, तिन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ हवेत.

इथे एक मोठी सोय आहे. स्टारमध्ये जी तीन टोकं एकत्र होती ती तिन्ही वाइंडिंगची एकाच बाजूची टोकं असतात, त्यामुळे सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे शोधायची कटकट नाही. प्रत्येक टोकाला उष्णता सोसणारी लवचीक वायर डाग देऊन जोडा, त्यावर फायबरग्लासची वार्निश केलेली स्लीव्ह चढवा. पीव्हीसी टेप नको, तो गरम होऊन गळतो. सगळं दोऱ्याने परत बांधा आणि एअर-ड्राय वार्निशचा हात मारा. बांधणी सैल राहिली तर वायर रोटरला लागते. कव्हर लावल्यावर शाफ्ट हाताने फिरवून कान द्या.

डेल्टाची जोडणी: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. सहा टर्मिनलची पट्टी बसवली तर तीन पत्र्या उभ्या लागतात. आडव्या लावल्या की परत स्टार. पाटीजवळ रंगाने ‘डेल्टा २३०’ लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तिला ४१५ वर लावून जाळेल.

शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) वाइंडिंग ते बॉडी मोजा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर वाळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चांगल्या मोटरला दहांच्या पटीत येतं. हे माप ड्राइव्ह जोडण्यापूर्वी घ्यायचं. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर फिरवला की ड्राइव्ह गेला.

मायक्रोमीटर

ड्रम स्विचबद्दल कोणीच बोललं नाही, आणि घोळ तिथेच होतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाही स्विच, कॉन्टॅक्टर, स्टार्टर राहता कामा नये. मोटर फिरत असताना तो उघडला की ओव्हरकरंट ट्रिप, आणि परत लावला की उभ्या मोटरचा सगळा धक्का ड्राइव्हच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर. असं रोज झालं तर ते टिकत नाहीत. यू, व्ही, डब्ल्यू थेट मोटरला.

मग दांडा सुलट-उलटच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावा असं वाटेल. तेही जपून. त्या ड्रम स्विचचे जाड कॉन्टॅक्ट अँपिअरसाठी आहेत. ड्राइव्हची कंट्रोल लाइन २४ व्होल्टची आणि काही मिलिअँपिअरची. काळवंडलेल्या कॉन्टॅक्टवरचा थर एवढ्या बारीक करंटला तोडता येत नाही, त्यामुळे लेथ कधी सुरू होतो कधी नाही. दांडा तोच ठेवा, आत छोटा सिलेक्टर किंवा दोन मायक्रोस्विच बसवा.

दुसरा धोका: दांडा ‘सुलट’वर असताना वीज गेली आणि आली, तर लेथ आपोआप सुरू होतो. चकमध्ये चावी असेल तर ती गोळीसारखी सुटते. ड्राइव्हमध्ये ‘वीज आल्यावर रन कमांड दुर्लक्षित करा’ असं सेटिंग असेल तर ते चालू करा, ऑटो रिस्टार्ट बंद ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे थ्री-वायर कंट्रोल: सुरू करायला वेगळं बटण, थांबवायला नॉर्मली क्लोज्ड बटण (एरवी जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं), दिशेला सिलेक्टर. थांबवायची वायर तुटली तरी लेथ थांबतोच.

तिसरा मुद्दा तुमच्या आट्यांच्या चकचा. सुलट फिरताना कटचा जोर चक घट्ट करतो. उलट फिरवून कट घेतला किंवा जास्त वेगावरून झटक्यात ब्रेक मारला तर जड चकचा वेग त्याला आट्यांवरून सोडवतो. आणि सुटलेला १२५ मिमीचा चक बेडवरून नाचत जातो. म्हणून थांबण्याचा वेळ सुरुवातीला ६ सेकंद ठेवा, डीसी ब्रेक (डीसी सोडून मोटर झटक्यात थांबवणं) बंद, आणि उलट दिशेला कमाल २० हर्ट्झची मर्यादा. थांबण्याचा वेळ फार कमी ठेवला तर फिरणारा चक मोटरकडून ड्राइव्हला वीज परत ढकलतो आणि ओव्हरव्होल्टेजची ट्रिप येते. तो बिघाड नाही, वेळ वाढवा.

बाकी आकडे: मोटर व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, करंट ३.१, आरपीएम १४२०. हा करंट भरलाच पाहिजे, ड्राइव्हचं ओव्हरलोड संरक्षण त्यावरच चालतं. सुरू होण्याचा वेळ ४ सेकंद. कमाल ६० हर्ट्झ, किमान १५. कॅरिअर (ड्राइव्हच्या ट्रान्झिस्टरची उघडझाप) ६ ते ८ किलोहर्ट्झ. त्याखाली मोटर शिट्टी घालते, फार वर नेलं तर ड्राइव्ह तापतो.

ड्राइव्ह आला म्हणून पुल्या आणि बॅक गिअर काढून टाकू नका. ड्राइव्हने वेग अर्धा केला तर टॉर्क तेवढाच राहतो, म्हणजे ताकद अर्धी होते. पट्टा बदलून वेग अर्धा केला तर स्पिंडलला टॉर्क दुप्पट मिळतो. मोठा व्यास वळवताना पट्टाच खाली घ्या, ड्राइव्ह फक्त बारीक जुळवणीला. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे. २० हर्ट्झच्या खाली बराच वेळ जोर लावला तर वारा नसल्याने ती भाजते.

चकचावी

स्टार पॉइंट सुटला, मऊ करायला वेळ लागला. रेझिस्टन्स ९.८, ९.९, ९.८ ओहम. मेगरवर ४० मेगाओहम. डेल्टा केल्यावर कुठल्याही दोन टर्मिनलमध्ये ६.५ ओहम दाखवतंय. हे बरोबर का? आणि ड्राइव्हची लाइन चालू करताच घरची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थला गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडते.

सहा_टर्मिनल

६.५ अगदी बरोबर. एक वाइंडिंग ९.८ आणि त्याला समांतर दोन मिळून १९.६, म्हणजे दोन तृतीयांश. तिन्ही जोड्यांत सारखं येतंय म्हणजे डेल्टा बंद झाला आहे. एखाद्या जोडीत ९.८ किंवा १९.६ आलं असतं तर कुठेतरी जोड उघडा.

अडीच_स्क्वेअर

ड्राइव्हच्या आत इनपुटला फिल्टर असतो, त्यातले कपॅसिटर काही मिलिअँपिअर अर्थला सोडतात. घरातली इतर उपकरणंही थोडं थोडं सोडत असतातच, सगळं मिळून आरसीसीबी पडते. अर्थची वायर काढून ती थांबते हे खरं आहे आणि ते कधीही करायचं नाही; मग लेथची बॉडीच जिवंत राहते.

लेथच्या लाइनला वेगळी आरसीसीबी द्या. साधी एसी टाइप नको, ड्राइव्हच्या दोषात येणारा करंट तिला नीट दिसतोच असं नाही. सिंगल फेज इनपुटच्या ड्राइव्हला ए टाइप चालते, एफ मिळाली तर उत्तम; मॅन्युअलमध्ये जी लिहिली आहे ती घ्या. मोटरपर्यंत शील्डेड चार कोअर १.५ चौरस मिमीची केबल, तीन मीटरच्या आत, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ. कंट्रोलच्या वायरी तिच्या शेजारून नेऊ नका. तरीही वेगळ्या आरसीसीबीवर पडत असेल तर मोटरच्या तीन वायरी ड्राइव्हवरून सोडवून बघा: थांबली तर गळती केबल किंवा मोटरमध्ये, नाही थांबली तर ड्राइव्हमध्ये.

वायरी सोडवण्याआधी एमसीबी पाडा आणि १० मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, डिस्प्ले विझला तरी ते लगेच उतरत नाहीत. प्लस आणि मायनस बसवर मीटर लावून ५० च्या खाली आल्याचं बघूनच हात घाला.

मायक्रोमीटर

पहिल्यांदा चालवताना पट्टा काढून ठेवा, १५ हर्ट्झवर दिशा बघा. उलटी फिरली तर यू, व्ही, डब्ल्यूपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा, इनपुटच्या अदलाबदलीने काही होत नाही. पट्टा चढवताना मधोमध अंगठ्याने दाबा: दोन पुल्यांमधल्या अंतराच्या दर १०० मिमीला दीड मिमीच्या आसपास दबला पाहिजे.

आणि ड्राइव्ह चकच्या मागे बसवू नका. लोखंडाचा बारीक कीस त्याच्या पंख्यातून आत ओढला जातो आणि बोर्डवर शॉर्ट करतो. लेथच्या वरच्या पातळीत, भिंतीवर, जाळी आणि फिल्टर असलेल्या पेटीत ठेवा. वर-खाली १०० मिमी मोकळी जागा, आणि बिडाचं काम असेल त्या दिवशी फिल्टर झटका.