विषय: जानेवारी-फेब्रुवारीत गोव्यात तंबूमुक्काम, दुर्बीण न्यावी का?

प्रेषक: मिसिसागाची वहिनी

नमस्कार मंडळी,

ह्यांची निवृत्ती झाली, त्यामुळे यंदा, जानेवारी २०२६च्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गोव्यात राहायचं ठरलंय. हॉटेल नको, तंबूच हवा, असा ह्यांचा हट्ट आहे, कारण रात्री बाहेर पाऊल टाकलं की डोक्यावर आकाश हवं. घरी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. ती विमानातून न्यावी, की १० बाय ५०च्या बायनोक्युलरवर भागेल? जागा दोन बघून ठेवल्या आहेत. एक वाळूला लागून, माडांच्या बागेत. दुसरी दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यात, जरा आत, सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर. मला पहिली फार आवडलीय. आपल्यातले काही जण दर हिवाळ्यात तिकडे असतात, तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावं.

---

विषय: पुन्हा: जानेवारी-फेब्रुवारीत गोव्यात तंबूमुक्काम, दुर्बीण न्यावी का?

प्रेषक: काका, सध्या मुक्काम काणकोण

वहिनी, नमस्कार.

सड्यावरचीच जागा घ्या. माडाच्या बागेत झोप छान लागते, पण आकाशाचा जो भाग बघायला तुम्ही एवढ्या लांब येणार, नेमका तोच तिथून दिसत नाही.

गोव्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. समुद्रावर मोकळं मिळतं ते मावळतीचं क्षितिज. आपण टोरांटोकरांनी मात्र इथे यायचं ते दक्षिणेसाठी. टोरांटो ४३.७ अंश उत्तरेला, काणकोण १५ अंशांवर. मधल्या जवळजवळ २९ अंशांत दक्षिणेचे जे तारे येतात, ते आपल्याला तिकडे जन्मभर दिसत नाहीत. इथे ते उगवतात, पण बुटके राहतात. त्रिशंकू, म्हणजे क्रुसाच्या आकाराचा सदर्न क्रॉस, ऐन मध्यावर (दक्षिणेला त्याच्या सर्वांत उंच जागी) आला तरी त्याचा सर्वांत खालचा तारा १२ अंशांच्या वर जात नाही. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश झाकले जातात. म्हणजे एक मूठ आणि वर एक बोट, एवढीच त्याची उंची. माडाची एक झावळी आड आली की अख्खा त्रिशंकू गेला.

त्यामुळे जागा बघायला जाल तेव्हा नळ-संडासाची चौकशी झाली की होकायंत्र काढा, दक्षिणेला हात लांब करा आणि क्षितिजावर मूठ टेकवून बघा. त्या मुठीच्या मागे झाड, टेकडी किंवा शेजारच्या रिसॉर्टचा फोकस असेल तर भाडं कितीही कमी असो, जागा घेऊ नका. मला स्वतःला काब द रामच्या बाजूचे सडे सर्वांत आवडतात. भूशिर समुद्रात घुसलेलं असल्यामुळे तिथल्या कड्यावरून दक्षिणेलाही पाणीच दिसतं. खोतीगाव किंवा नेत्रावळीच्या जंगलात काळोख गडद आहे, पण ती अभयारण्यं आहेत. तिथे आपल्या मनाने रात्री थांबायचं नाही.

आता आकाशाकडे येऊ. अंधार पडला की आधी उत्तरेला बघा. ध्रुव इतका खाली असतो की ओळखीचा वाटत नाही, फक्त १५ अंशांवर. त्याउलट मृग, जो आपल्याकडे दक्षिणेला अर्ध्या आकाशात उभा असतो, तो इथे जवळजवळ डोक्यावरून जातो. व्याध सापडला की त्याच्या खाली दक्षिणेला सरका. एकटाच, पांढराशुभ्र, ठळक तारा दिसेल, तो अगस्त्य. रात्रीच्या ताऱ्यांत तेजाने व्याधानंतर त्याचाच नंबर. टोरांटोत तो कधीच उगवत नाही, इथे २२ अंश वर चढतो. १८ जानेवारीला पौष अमावास्या आहे. त्या रात्री अकराच्या सुमारास तो ऐन दक्षिणेला असेल.

पण वहिनी, खरं धन पहाटेचं आहे. त्याच अमावास्येला त्रिशंकू पहाटे सव्वापाचला मध्यावर येतो. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, महिन्याला दोन तास. म्हणजे १७ फेब्रुवारीच्या अमावास्येला तोच सव्वातीनला. मला विचाराल तर फेब्रुवारीची ती चार-पाच दिवसांची खिडकी अजिबात चुकवू नका. एकाच बैठकीत सगळं होतं. दीडच्या सुमारास नौका तारकासमूहातला तेजोमेघ, ईटा कॅरिने ताऱ्याभोवतीचा, मध्यावर येतो. मग त्रिशंकू. चारनंतर ओमेगा सेंटॉरी. आणि पाच-साडेपाचला मित्र, म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांतला सूर्याखालोखाल आपल्याला सर्वांत जवळचा.

ओमेगा सेंटॉरीपाशी थांबा. टोरांटोत तो क्षितिजाच्या जेमतेम खालून निघून जातो. इथे २७ अंशांवर असतो. उघड्या डोळ्यांना तो पुसट तारा वाटतो. बायनोक्युलर लावलं की कळतं की हा तारा नव्हे. मधे दाट उजेड, कडेला कडेला विरत गेलेला, आणि सीमा कुठे संपते ते नक्की सांगता येत नाही. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवर एक कोटीच्या आसपास ताऱ्यांचा तो गुच्छ आहे. ह्यांना आधी काही सांगू नका, नुसतं बायनोक्युलर हातात द्या.

एक सावधगिरी. त्रिशंकूच्या साडेतीन-चार तास आधी एक दुसरा क्रूस मध्यावर येतो, नौकेच्या ताऱ्यांचा. तो आकाराने मोठा आणि उजेडाने फिका आहे. बरेच लोक तोच बघून समाधानाने झोपायला जातात. खऱ्याची खूण अशी की त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे मागून येतात. ते दोघे वर आल्याशिवाय खात्री झाली म्हणू नका.

डॉब्सोनियन घरीच राहू द्या. तिची नळी विमानात सांभाळणं कठीण आणि इथे तिची गरज पडत नाही. दक्षिणेच्या पट्टीतल्या वस्तू ऐसपैस आहेत, १० बाय ५०ला अगदी जुळणाऱ्या. ट्रायपॉड मात्र आणा. गुरू १० जानेवारीला प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आहे, मिथुनेत. मध्यरात्रीनंतर तो डोक्यावर असेल, आणि बायनोक्युलर स्थिर असेल तर त्याचे चंद्र सहज दिसतात. मोठ्या दुर्बिणीतून बघायचंच असेल तर पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीची मंडळी आहेत. जुन्ता हाउसच्या गच्चीवर त्यांनी वर्षानुवर्षे सार्वजनिक वेधशाळा चालवली आहे. हौशी माणसाला ही मंडळी मनापासून दाखवतात.

थंडीची काळजी नको, दंवाची करा. रात्री उशिरा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, हवा निवळते, आणि त्याच वेळी दंव पडायला लागतं. भिंग आकाशाकडे तोंड करून असतं, ते सभोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं आणि धुरकटतं. काळ्या कार्डशीटच्या चार बोटं लांब नळ्या करून पुढच्या भिंगांवर रबरबँडने बसवा, तासभर तरी निभावतं. ओलं भिंग पदराने किंवा शर्टाने पुसायचं नाही. इथल्या हवेत मीठ आहे, चरे पडतात. झाकण न लावता तंबूत आणून आपोआप वाळू द्यायचं, मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात. तसंच ओलं बंद केलंत तर बुरशी धरते, आणि ती पुढे निघत नाही.

तारे दाखवायचा हिरवा लेझर आणू नका. दाबोळी आणि मोपा, दोन्हीकडे विमानं उतरत असतात.

— काका

---

प्रेषक: ताई, आगोंदहून

काकांच्या मेलला पुस्ती जोडते. वहिनी, तुम्ही वाळूवरची जागा घेतलीत, किंवा सड्यावरून रात्री किनाऱ्यावर उतरलात, तर एवढं लक्षात असू द्या. आगोंद आणि गालजीबाग, तसेच उत्तरेला मोरजी आणि मांद्रे इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येते. पिल्लं बाहेर पडली की सर्वांत उजळ क्षितिजाच्या रोखाने धावतात, आणि काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचंच असतं. एक पांढरा दिवा पुरतो, पिल्लं उलटी जमिनीकडे जातात आणि सकाळपर्यंत मरतात.

आकाश बघणारे लाल टॉर्च वापरतात, तो पांढऱ्यापेक्षा बरा, पण कुंपण घातलेल्या घरट्यांजवळ तोही नको. ट्रायपॉड, चटई, खुर्ची काहीच भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत मांडू नका, अंडी तिथेच असतात. वन खात्याची माणसं रात्री फिरत असतात, त्यांना आधी विचारा. ह्या किनाऱ्यांवर आज जो काळोख उरलाय तो बराचसा कासवांमुळे उरलाय. आपण तो वापरतो, तर तो राखलाच पाहिजे.

---

प्रेषक: मिसिसागाची वहिनी

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. सड्यावरच्या जागेला आजच होकार कळवला. मालकांना फोनवर दक्षिणेचं विचारलं. ते म्हणाले, काजूची झाडं आहेत पण उताराला, खाली. नाताळची रोषणाई तोवर उतरलेली असेल ना? आणि शेवटचा प्रश्न: फाल्गुन पौर्णिमेला, ३ मार्चला खग्रास चंद्रग्रहण आहे म्हणतात. त्यासाठी परतीचं तिकीट आठवडाभर पुढे ढकलावं, असं ह्यांच्या मनात आहे. ढकलू का?

---

प्रेषक: काका

वहिनी, ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त झालं की घरोघरची नक्षत्रं (ताऱ्याच्या आकाराचे नाताळचे कंदील) आणि माळा हळूहळू उतरतात. तुम्ही याल तोवर काळोख बराच परतलेला असेल. उताराला काजू असेल तर उत्तम, काजूचं झाड फारसं उंच होत नाही. तरी पोचल्यावर मूठ धरून बघाच.

तिकीट अजिबात ढकलू नका. ग्रहणाची खग्रास स्थिती भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारनंतर सुरू होऊन साडेपाचच्या सुमारास संपते, आणि गोव्यात चंद्र उगवतो संध्याकाळी पावणेसातच्या आसपास, तोही सह्याद्रीच्या आडून. इथे काहीच हाती लागणार नाही. तुमच्याकडे मात्र त्याच दिवशी सकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्र पूर्ण ग्रासला जाईल आणि तसाच मावळेल. म्हणजे तिकडे पश्चिमेचं क्षितिज मोकळं हवं. मुलांना आतापासूनच एखादी जागा हेरून ठेवायला सांगा.