नेरळ–माथेरानचे इंजिन बदलताना निकष कोणता असावा?

रूळवेडा :
वारसा मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या आणण्याची योजना रेल्वेने २०२३ साली मांडली. प्रत्येक गाडीला ८० कोटी आणि प्रत्येक मार्गावरील पूरक सुविधांना ७० कोटी रुपये असा अंदाज त्या वेळी देण्यात आला आणि मार्गांच्या यादीत नेरळ–माथेरानही होते. तेव्हापासून एक गट वाफेचे इंजिन परत आणा म्हणतो आहे, तर दुसऱ्याला सर्वांत नवे तंत्रज्ञान हवे आहे. या मार्गावर इंजिन बदलण्याला माझा विरोध नाही. ते कसे दिसते यावरून निवडले जाते, हे मात्र मला मान्य नाही.

येथे इंजिन ठरवतात ते चढ आणि वळणे. रुळांमधले अंतर दोन फूट, लांबी जेमतेम २१ किलोमीटर आणि चढ वीस फुटांमागे एक फूट असल्यामुळे गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढे जात नाही. १९०७ साली मार्ग सुरू झाला तेव्हा जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची जी इंजिने आली, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकजोड्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. पोकळ आसाच्या आत दुसरा भरीव आस असून मध्यभागी गोलाकार सांधा असे, त्यामुळे वळण आले की टोकाची चाके रुळाप्रमाणे वळत आणि बाजूलाही सरकत. ते इंजिन या घाटासाठीच घडवलेले होते. पुढे युंग कंपनीची डिझेल इंजिने आली, त्यानंतर भारतीय बनावटीची एनडीएम-६ आली, आणि तरीही मार्ग तोच राहिला. डिझेल इंजिनावर वाफेच्या इंजिनाचे कवच चढवण्याचा प्रयोग मला म्हणूनच पटत नाही. डिझेलला डिझेलसारखे दिसू द्यावे.

धुराडे :
आपले तांत्रिक विवेचन मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. निलगिरीच्या मार्गावर मेट्टुपालयम ते कुन्नूर हा बहुतांश दंतुर पट्टीचा (रुळांमधल्या दातेरी पट्टीत इंजिनाचे दातेरी चाक अडकवून चढायचा) मार्ग वाफेचे इंजिन चढते आणि कुन्नूरला इंजिन बदलून पुढे उदकमंडलमपर्यंत डिझेल लावले जाते. दार्जिलिंगलाही वाफेची इंजिने अजून धावतात. हे दोन्ही मार्ग जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानचे नाव अद्याप संभाव्य यादीतच आहे. वारसा म्हणायचे आणि ज्या यंत्राने तो घडवला ते केवळ प्रदर्शनात उभे करायचे, हे मला विसंगत वाटते. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात निलगिरीसाठी तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने तयार झाली, तर माथेरानसाठी तसा प्रयत्न का होऊ नये?

माथेरानकर :
आपण दोघेही गाडीकडे पर्यटकाच्या नजरेने पाहता आहात. आमच्या गावात मोटारींना बंदी आहे, वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे अनेकदा सामानासह पायपीट किंवा घोडा करावा लागतो. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत धावणारी शटल गाडी आमच्यासाठी रोजची सोय आहे. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर सेवा बंद पडली, २०१९ च्या पावसाने मार्ग उखडला आणि नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. या सगळ्यात इंजिन कोणते होते याने काय फरक पडला? पैसा असेल तर तो आधी दरडी, मोऱ्या आणि रुळांवर खर्च व्हावा. शिवाय हा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित आहे. वैशाखात वाळलेल्या गवतावर ठिणग्या उडवणारे इंजिन मला चालणार नाही.

रूळवेडा :
माथेरानकर, रूळ आधी हे आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो, कारण चांगल्यात चांगले इंजिनही खचलेल्या भरावावर निरुपयोगी आहे. पण इंजिनाने फरक पडत नाही, हे बरोबर नाही. उतरताना गाडी आवरणे हाच या घाटातला खरा प्रश्न आहे. पूर्वी त्यासाठी डब्यांवर हातब्रेक सांभाळणारी माणसे असत आणि २०१६ नंतर हवेच्या दाबाचे ब्रेक बसवले गेले. ब्रेकला हवा पुरवणारे इंजिनच असते. नव्या इंजिनाची परीक्षा मी तेथेच घेईन : हायड्रोजनच्या टाक्यांचे वजन घेऊन ते अशा वळणांवर कसे चालते आणि भरलेली गाडी उतारावर किती खात्रीने थांबवते.

धुराडे, हिवाळ्यात तेलावर चालणारे इंजिन एखादी खास फेरी करणार असेल, तर मी स्वागत करीन. रोजची सेवा मात्र त्यावर सोपवू नये.

धुराडे :
खास फेरीवर माझे समाधान नाही. वर्षातून काही दिवस चालणाऱ्या इंजिनासाठी बॉयलरची देखभाल जाणणारे फिटर आणि फायरमन कोणी सांभाळत नाही. ते काम नियमित केले तरच अंगी राहते. किमान नेरळ ते जुम्मापट्टी या पहिल्या स्थानकापर्यंतच्या टप्प्यावर, पावसाळा वगळून, आठवड्याची नियमित फेरी ठेवली पाहिजे. ठिणग्यांचा आक्षेप तेलाच्या इंजिनाला लागू होत नाही आणि शटल डिझेलवरच राहणार असल्याने माथेरानकरांच्या सोयीलाही धक्का लागत नाही.

माथेरानकर :
त्या टप्प्याला माझा आक्षेप नाही, मात्र त्याचा खर्च मोऱ्यांच्या दुरुस्तीच्या निधीतून होता कामा नये.