मदत हवी आहे: शेजाऱ्यांच्या गोळ्या नऊ दिवस घेतल्यावर शुगरची खरी तपासणी कधी करावी?

काकांचं वय ६२, मधुमेहाचं निदान नाही. आंबा चिरलेल्या हातानेच, जेवणानंतर तासाभराने ग्लुकोमीटरवर २१२ आले. (बोटाला लागलेल्या रसानेही आकडा फुगतो, हात धुऊन पुन्हा बघायला हवं होतं.) त्या एका आकड्यावर काकांनी शेजाऱ्यांच्या ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ + मेटफॉर्मिन ५०० च्या (शुगर उतरवणाऱ्या) गोळ्या सुरू केल्या, वर भात-पोळी बंद. गोळी घेऊन जेवण कमी, म्हणजे शुगर उतरणारच.

परवा संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरत होते. मीटरवर ५४. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी ८८. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो म्हणून लगेच जेवू घातलं, रात्री दोनला पुन्हा पाहिलं: ९७. गोळ्या तेव्हापासून बंद. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल, स्टेरॉइड किंवा इतर औषध चालू नाही. डॉक्टरांची वेळ सोमवारची.

नऊ दिवसांच्या गोळ्यांनी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) फारसं हलणार नाही, हे ठाऊक आहे. अडचण वेगळीच: हिमोग्लोबिन ९.२, लोह कमी, आणि त्याने एचबीएवनसी खोटंच वर दिसू शकतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी (उपाशीपोटी ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात ती) बरी वाटते. तिच्याआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, ते आजपासून सुरू केलंय.

लॅबमध्ये किंवा मधुमेह तज्ज्ञांकडे काम करणाऱ्यांनी सांगावं: शेवटच्या गोळीनंतर किती दिवस थांबून ही चाचणी केली तर आकडा गोळीविना धरता येईल?