गाडीचे वय पाहावे की रनिंग? आपले अनुभव लिहा

जुनी गाडी घेण्याच्या निमित्ताने गेले दोन महिने पुण्यात फिरतो आहे आणि शोध आता दोन पेट्रोल गाड्यांवर येऊन थांबला आहे. पहिली 2013 ची सेदान, सहकारनगरातल्या एका निवृत्त गृहस्थांची, जेमतेम 29,000 किलोमीटर चाललेली, जिच्या मागच्या सीटवरचे प्लास्टिकही अजून काढलेले नाही. दुसरी 2019 ची हॅचबॅक, औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीची, जी 98,000 किलोमीटर पळाली आहे आणि जिच्या बॉनेटवर खडी उडून बारीक टवके गेले आहेत. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. आपल्याकडे 'मायलेज' म्हटले की लिटरला किती देते हेच मनात येते, म्हणून स्पष्ट करतो की माझा प्रश्न रनिंगचा आहे. वडील पहिलीसाठी अडून बसले आहेत आणि पत्नी दुसरीसाठी. मते घरात पुरेशी आहेत; ज्यांनी स्वतः पैसे मोजले, त्यांना पुढे काय अनुभव आला ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

ठाणे

तीन वर्षांपूर्वी मी आपल्या पहिल्या गाडीसारखीच गाडी घेतली होती. वय अकरा वर्षे, रनिंग 22,000, आणि मालक असे आजोबा की जे गाडी रविवारी देवळात आणि महिन्यातून एकदा बँकेत नेत. टायरची नक्षी इतकी खोल होती की ती पाहूनच मी सौदा पक्का केला. पहिल्याच पावसाळ्यात कसारा घाटाच्या अलीकडे कूलंटचा रबरी पाइप फुटला आणि तापमानाचा काटा लाल खुणेला जाऊन टेकला. गाडी ओढून नेल्यावर मेकॅनिकने मला टायरपाशी वाकायला सांगितले. कडेला एका लांबट चौकटीत 3211 असे चार आकडे होते, म्हणजे टायर 2011 च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला होता, आणि अंगठ्याने दाबले की त्या आकड्यांभोवती उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा उघडत होत्या. चार टायर, बॅटरी, सगळे पाइप, इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि एसीची गळती मिळून वर्षभरात 61,000 रुपये गेले. त्यानंतर मात्र गाडीने काहीही मागितलेले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

सातारा

माझे महामार्गालगत गॅरेज आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज हाताखालून जातात. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगसाठी '10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' अशा अर्थाचे वाक्य असते, आणि कमी फिरणाऱ्या गाडीचा मालक नेमका त्याचा दुसरा भाग विसरतो. 'गाडी चाललीच कुठे?' असे म्हणून तीन-तीन वर्षे तेच ऑइल ठेवलेले मी पाहिले आहे. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे आतला ओलावा आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच मुरत राहते. ब्रेक ऑइल तर गाडी उभी असतानाही हवेतली ओल शोषत असते. ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे, दुधाळ फेस किंवा काळा चिकट थर लागला तर मीटरवरचा आकडा कितीही लहान असला तरी पुन्हा विचार करावा. उलट रोज पुणे-कोल्हापूर करणारी गाडी तासन् तास वरच्या गिअरमध्ये एकाच तापमानाला चालते, तिचा क्लच आणि ब्रेक शहरातल्या गाडीच्या मानाने फार कमी वापरला जातो. रनिंग लाख किलोमीटरच्या आसपास आले की शॉकॲब्सॉर्बर आणि क्लच प्लेटचे पैसे बाजूला ठेवावेत, एवढेच.

परंतु हे सगळे मीटर खरे असेल तर. मेहुण्यासाठी मी स्वतः पारखून घेतलेली गाडी 46,000 दाखवत होती. ब्रेक पेडलच्या रबराचा कोपरा झिजून खालचे लोखंड चकाकत होते, आणि तरीही नवी सीट कव्हरे पाहून मी त्याकडे दुर्लक्ष केले. चार महिन्यांनी ग्लोव्ह बॉक्सच्या मागच्या फटीत एक घडी घातलेले सर्व्हिसिंगचे बिल सापडले, दोन वर्षांपूर्वीचे, त्यावर 1,12,000 लिहिलेले होते. व्यवसायाने मेकॅनिक असूनही फसलो, हे लिहायला आजही संकोच वाटतो.

रत्नागिरी

किनाऱ्यावरची गाडी असेल तर वय आणि रनिंग हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आमची सात वर्षांची, 31,000 चाललेली गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पापडासारखा फुटला.

नागपूर

डिझेल घेणाऱ्यांसाठी लिहितो. मी 2021 ची बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे भारतीय मानक) डिझेल गाडी केवळ 18,000 रनिंग म्हणून खूश होऊन घेतली. आधीच्या मालकांनी ती मुलांच्या शाळेपुरती आणि बाजारापुरती वापरली होती. या गाड्यांच्या धुराड्यातला फिल्टर साचलेली काजळी जाळून स्वच्छ होतो, आणि त्यासाठी गाडी मधूनमधून सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. ते न घडल्यामुळे पंधराव्या दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागला आणि वर्कशॉपची फेरी झाली. आता दर दोन आठवड्यांनी अमरावती रस्त्यावर विनाकारण चक्कर मारतो.

हॅरो, लंडन

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी ही तपासणी करावी लागते, त्या वेळचे मीटरचे आकडे नोंदले जातात आणि नंबर टाकून कोणालाही ते सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यामुळे साताऱ्याच्या मित्रांवर आली तशी वेळ सहसा येत नाही. मला वयाने गाठले ते वेगळ्या वाटेने. माझी 2013 ची डिझेल गाडी फक्त 38,000 मैल चाललेली होती, पण 29 ऑगस्ट 2023 पासून अतिकमी उत्सर्जनाचे क्षेत्र (यूलेझ) संपूर्ण लंडनला लागू झाले आणि युरो-6 या प्रदूषण मानकात न बसणारी डिझेल गाडी चालवण्याचे दिवसाला साडेबारा पौंड पडू लागले. धडधाकट गाडी विकावी लागली. आपल्याकडेही खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते, हे 2013 ची गाडी घेताना लक्षात ठेवावे. 2028 साली तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आपल्यालाच भरावा लागेल.

पुणे, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही गाड्यांची बिले मागितली. सहकारनगरच्या काकांनी 2018 पर्यंतची बिले तारखेवार लावून ठेवली होती, पुढच्या पाच वर्षांत मात्र एकच बिल होते, आणि टायरवर 1413 हा आकडा होता. मी पन्नास हजार कमी करून मागितले; काकांनी चहा पाजला आणि नम्रपणे नकार दिला. हॅचबॅकची नऊ बिले मिळाली, प्रत्येक साधारण दहा हजारांच्या अंतराने, शेवटची दोन बाहेरच्या गॅरेजची. तीच घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात क्लच प्लेट व पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर 19,400 रुपये खर्च केले. वडील अजूनही तिला 'टॅक्सी' म्हणतात, पण परवा पंढरपूरला निघालो तेव्हा पुढची सीट त्यांनीच धरली होती.