पापलेटच्या दुष्काळाचं खापर फक्त हवामानावर?

चेंदणीचा_जावई: ठाण्यात रविवारी मासे घ्यायला गेलं की ठरलेलं उत्तर, "हवामान बिघडलंय, माल येत नाही." मग त्याच पाटीत तळहाताएवढी पापलेटची पिल्लं वाट्यावर कशी? 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, आणि अंडी घालायच्या वयाआधीच आपण त्याला तव्यावर घेतोय. बारीक आसाची (छिद्रांची) जाळी, अख्ख्या थव्याला घेरून आवळणारं पर्ससीन जाळं, बंदी असून मासे ओढायला लावलेले एलईडीचे दिवे. यात हवामान कुठे आलं?

दिवाळेकर_कोळी: अर्धंच बोललात दादा. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळलीय. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, खालचं पोषक पाणी वर येत नाही, प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव घटतात. मासा खाणार काय? वर वादळं. 2019 ला क्यार, 2020 ला निसर्ग, 2021 ला तौक्ते. पावसाळी बंदी कॅलेंडरवर असते, वादळाची सुट्टी सांगून येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

चेंदणीचा_जावई: पाणी तापलं की बांगडा उत्तरेला सरकतो, मान्य. पण सरकायला आधी तो जगायला तर हवा!

घणसोलीचा_आगरी: तुम्ही दोघं खोल समुद्रावर भांडा. इथे ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळाला, फ्लेमिंगोचे फोटो झाले. आमचा आजा ओहोटीला चिखलात बिळात हात घालून निवट्या (चिखलातले छोटे मासे) काढायचा, कोपरापर्यंत काळा होऊन यायचा. आता त्या चिखलात हात घालवत नाही. सांडपाणी, भराव, प्लास्टिक. हे काय अरबी समुद्र तापल्यामुळे?

वाशीची_सुगरण: एवढा त्रास कशाला? तळ्यातला रोहू आणा, कोलंबी पाळलेली घ्या. समुद्राला आराम.

दिवाळेकर_कोळी: ताई, रोहू कोंडा-पेंडीवर वाढतो, ठीक. पण पाळलेल्या कोलंबीच्या खाद्यात समुद्रातल्याच बारक्या मासळीची भुकटी असते. (आणि रोहूचं कालवण आमच्या घरात कोण खाणार, तो वेगळा वाद.)

चेंदणीचा_जावई: म्हणून म्हणतो, गिऱ्हाइकाने पिल्लं घेणं बंद करावं.

दिवाळेकर_कोळी: तुम्ही नाही घेतलीत तर मेलेली पिल्लं समुद्रात फेकणार, नाहीतर भुकटीच्या कारखान्यात जाणार. जाळ्यात आलेलं पापलेट बहुतेक जिवंत राहत नाही. जाळ्याचा आस बंदरातच मोजा, होडी सुटायच्या आधी. आणि सुरुवात मोठ्या ट्रॉलरपासून करा, आमच्या छोट्या होड्यांपासून नको.